पाहुणीचं ताट

भांडण असतं तर बनुबाईंनी ते एका दमात मिटवलं असतं. दोन्ही लेकांना लहानपणी ज्या आवाजात त्या विहिरीवरून घरी हाकत आणायच्या, तो आवाज अजून शाबूत होता. पण घावट्यांच्या घरात वेगळं होण्याची गोष्ट निघाली ती पेढ्यांसोबत, आणि तोंडात पेढा असताना माणसाने ओरडायचं तरी कुणावर?

पेढे ज्ञानेश्वरीचे होते. थोरल्या भागवतच्या या लेकीचा नगरच्या नर्सिंग कॉलेजात नंबर लागला होता. फी माफ होती, होस्टेल फुकट होतं, जेवणसुद्धा सरकार देणार होतं. अट एवढीच होती की रेशनकार्डावर कुणी सरकारी नोकर नको. आणि घावट्यांच्या कार्डावर धाकट्या गोरक्षचं नाव होतं. गोरक्ष जिल्हा परिषदेत कारकून. त्याच्या पगारामुळे सगळं घर कागदावर श्रीमंत होऊन बसलं होतं. भागवत शनीच्या देवळाच्या रस्त्याला तेल आणि रुईच्या माळा विकायचा. शनिवारी जरा बरं, एरवी दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा माशा जास्त. तोही श्रीमंत. त्याची बायको सुकन्या, जिच्याकडे लग्नकार्याला नेसायच्या दोनच साड्या, तीही श्रीमंत.

सुकन्याला याची सवय झाली होती. बायकांच्या खात्यावर दरमहा सरकारी पैसे यायचे, त्यात काही महिने तिचंही नाव होतं. मग पडताळणी झाली आणि दिराच्या नोकरीपायी ते कापलं गेलं. 'जाऊ द्या' म्हणून ती भाकरी थापायला बसली होती. पण पैसे जमा झाल्याचा पहिला मेसेज तिने मोबाईलमधून अजून पुसला नव्हता. तिच्या नावावर कुणी काही पाठवण्याची ती आयुष्यातली पहिलीच वेळ होती. स्वतःचं असं काही गेलं तर ती सोसू शकत होती. ज्ञानूची जागा जाणं तिला सोसणार नव्हतं.

त्या संध्याकाळी पडवीत सगळे बसले होते. मार्ग गोरक्षनेच काढला.

"दादा, कार्ड वेगळं करून घेऊ. अर्ज मी करतो. नेवाशाहून पुरवठ्याचे निरीक्षक येतात, दोन चुली बघतात, फोटो काढतात आणि जातात. गोठ्याशेजारच्या खोलीत एक शेगडी मांडायची, चार भांडी ठेवायची. सगळं गाव तेच करतं."

"आन म्या त्या शेगडीपुढं बसायचं व्हय दिवसभर?" त्याची बायको अश्विनी हसत म्हणाली. "गायी काय म्हनतील मला?"

"निरीक्षक जाईपर्यंतच बस. मग आहेच आपलं रोजचं."

भागवतचा चेहरा उजळला. गेले काही दिवस तो माळा गुंफतानाही गप्प असायचा. सुकन्याने दिराकडे पाहिलं आणि तिला या शिस्तीच्या, कपाळाला आठी घालून हिंडणाऱ्या माणसाबद्दल एकदम माया दाटून आली. कोपऱ्यात बनुबाई गुडघ्याला तेल चोळत होत्या. त्यांचा हात थांबला.

"म्हंजी खोटंच?"

"खोटं न्हाई आई," भागवत म्हणाला. "कागदापुरतं."

"आपल्या घराला दार का न्हाई रं, भागवत?"

भागवतने मान खाली घातली. हा प्रश्न आला की पुढे काय येणार हे त्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. शिंगणापुरात घरांना चौकटी असतात, दारं नसतात. हल्ली कुत्र्यांचं निमित्त करून काहींनी फळ्या लावून घेतल्या होत्या. बनुबाई त्या घरांवरून जाताना तोंड दुसरीकडे करायच्या. त्यांच्या घराला पुढे चौकट, मध्ये चौकट आणि पुढच्या चौकटीला नुसता पडदा.

"बोल की. का न्हाई?"

"गावात चोरी करीत न्हाईत म्हनून."

"मंग तुमी ह्ये काय करताय?"

"आई, ही चोरी नाही, योजना आहे," गोरक्ष म्हणाला.

"येगळं नसून येगळं सांगायचं आन त्येच्यावर घ्यायचं, ह्येला तुज्या हापिसात योजना म्हनत्यात?"

"आन पैका कुनाचा हाय, आई?" भागवतला आता राहवेना. "मी तेलाच्या डब्यावर कर भरतो. तू मिश्री लावती, त्येच्यावर भरती. ज्ञानू साबन लावती, तिच्या साबनावर बी हाय. आपलंच त्येंच्याकडं गेल्यालं. त्येतलं जरासं पोरीसाठी माघारी मागितलं तर चोरी?"

"तसं नसतं दादा," गोरक्ष म्हणाला. पैशाचा विषय निघाला की त्याच्या आवाजात ऑफिस शिरायचं. "सरकारकडं आहेत कुठं पैसे? आमच्याकडं ठेकेदारांची बिलं तटून आहेत. शाळेच्या खोलीवर पत्रा टाकायचा तर वरून विचारतात, पुढच्या वर्षी चालेल का? एकीकडं द्यायचं ठरलं की दुसरीकडं कात्री. मग अटी घालतात. अट घालायला पैसे लागत नाहीत ना."

"कात्री बरी आमच्याच पदराला लागती," अश्विनी म्हणाली. "पगारातून कापतात तवा आपन नोकर. कायी मिळायची येळ आली की आपन श्रीमंत. आन आपल्यापायी बाई बी श्रीमंत." 'बाई' म्हणजे सुकन्या, तिची थोरली जाऊ.

"मोठमोठाली मान्सं कोटीनं बुडिवत्यात," भागवत म्हणाला. "त्येंच्या घरी कोन जातं का चूल बघाया?"

"त्येंच्या घराला दारं हायती," बनुबाई म्हणाल्या.

भागवत गुडघ्यावरची माळ सोडून पुन्हा गुंफायला लागला. ज्ञानेश्वरी उंबऱ्याशी बसली होती, ती तिथूनच म्हणाली, "राहू द्या मग. मी नाही जात. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय, हे सुकन्याइतकं कुणाला माहीत? तिच्या बारावीच्या वर्षीही तिचे वडील हेच म्हणाले होते, आणि पुढच्या वर्षी ती या घरात भाकऱ्या थापत होती. तिने बोलायला तोंड उघडलं, पण बनुबाईंचा आवाज आधी आला.

"तू गप गं. तू जायाचंच हायंस. न्हाई गेलीस तर मी तुझ्या बापाला झोपू द्यायची न्हाई." मग त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. "खोटं सांगायचं न्हाई आन पोरीची जागा बी घालवायची न्हाई. मंग खरंच येगळं व्हा."

"आई!" दोघे भाऊ एकदमच म्हणाले.

"आरडू नका. चूल येगळी म्हंजी चूल येगळी. सायब येऊन जाईस्तोवर बी येगळी आन गेल्यावर बी. मिठाचा खडा इकडून तिकडं जायचा न्हाई. शनिवारपासून."

"आन तू?" भागवतने विचारलं. "तू कुनाकडं?"

बनुबाईंना कमी ऐकू येत नव्हतं. पण त्या वेळी त्या गुडघ्याला तेल चोळण्यात अशा काही रंगल्या, की प्रश्न तसाच पडवीत पडून राहिला.

उत्तर खरं तर सगळ्यांना माहीत होतं. दिवाळीनंतर बनुबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नगरला ठरलं होतं. गोरक्षची आई म्हणून त्याचं बिल सरकारकडून परत मिळणार होतं. तेलवाल्या भागवतची आई म्हणून मिळणार नव्हतं. गुडघा तोच, आई तीच, पण भरपाई धाकट्याच्याच कार्डावर. म्हणजे लेकीची जागा मिळवायची तर सुकन्याने सासू द्यायची, असा हा हिशेब होता. इतर घरांत सासू धाकटीच्या गळ्यात पडली की थोरल्या नारळ फोडतात. सुकन्या त्या रात्री भांडी घासून झाल्यावरही चुलीपुढून उठली नाही.

बनुबाईंनी सुकन्याला सासू म्हणून जेवढं छळायचं तेवढं पहिल्या पाच-सहा वर्षांत छळून घेतलं होतं. मग कधीतरी, कुणाच्या लक्षात न येता, ते थांबलं आणि नुसती जागा उरली. सकाळी तव्यावरची पहिली भाकरी उतरली की चुलीशेजारी पाट मांडून त्या बसायच्या. भाकरीवर तेल-चटणी घ्यायच्या आणि नाव ठेवायच्या. "कडा जाड झाली." "आज पीठ नीट मळलं न्हाईस." इतक्या वर्षांत एकदाही 'चांगली झालीय' म्हणाल्या नव्हत्या, आणि एकही भाकरी त्यांनी ताटात उरू दिली नव्हती. सुकन्याचा दिवस त्या पाटापासून सुरू व्हायचा. तो पाट आता पडद्यापलीकडे जाणार होता.

शनिवारी सकाळी दोघी जावा स्वयंपाकघर वाटायला बसल्या. या कामाला गावात भावकी बोलवावी लागते, पंच लागतात, कुणाच्या तरी डोक्यात लाटणं बसतं. इथे दोघी एकमेकींच्या अंगावर भांडी ढकलत होत्या.

"ती मोठी परात तुमी ठेवा, बाई."

"मला काय करायची? आमी तिघं. तू घे. भाऊजींच्या हापिसातले लोक येत्यात."

"मला काटवटीत पीठ मळता येत न्हाई, मला परातीत बी येत न्हाई. काय करू घेऊन?"

आणि इथेच दोघींचे हात थांबले. अश्विनी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या भाकरीचा पापुद्रा कधी सुटायचा नाही. सुकन्याने तिला हसून उठवलं होतं, 'तू कालवन बघ, भाकरी मी बघती.' तेव्हापासून तेच चाललं होतं. थोरली भाकरी थापायची, धाकटी कालवण करायची. अश्विनीच्या हातची, भाजल्या धान्या-मसाल्याची येसरआमटी आसपासच्या वस्त्यांवर नाव मिळवून होती. सुकन्याच्या भाकरीचं कौतुक भावकीतले जावईसुद्धा आपल्या गावी जाऊन सांगायचे. आणि वेगळं व्हायच्या दिवशी दोघींना कळलं, की इतकी वर्षं संसार करून दोघींनाही अर्धाच स्वयंपाक येतो.

"आगं बाई," अश्विनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण हसू आवरेना. "आता काय करायचं?"

"करायचं काय? शिकायचं. आत्याबाईंनी मिठाच्या खड्याची गोष्ट काढलीय."

तवा अश्विनीने घेतला नाही. "त्यो तुमच्या हाताला वळलाय," म्हणाली. मसाल्याचा डबा सुकन्याने घेतला नाही. मधल्या चौकटीपलीकडे अश्विनीची शेगडी मांडली, चौकटीला तिची जुनी साडी पडदा म्हणून लावली आणि घावट्यांची दोन घरं झाली.

त्यानंतरचे दिवस पोटाचे फार वाईट गेले. सुकन्याकडे चंद्रासारख्या भाकऱ्या आणि त्यासोबत नुसतं तिखट पाणी. पलीकडे घमघमीत आमटी आणि तिच्यात बुडवायला तुटक्या, करपलेल्या चकत्या. वास मात्र पडद्याला जुमानत नव्हता. अश्विनीने फोडणी टाकली की अलीकडे भागवत घास हातात धरून तसाच थांबायचा. सुकन्याची भाकरी फुगली की पलीकडे गोरक्षचं बोलणं अर्ध्यात तुटायचं. एकदा ज्ञानेश्वरी म्हणाली, "आई, मी जाऊन नुसती वाटीभर…" आणि पडवीतून बनुबाई खाकरल्या. बस, एवढंच.

भाऊ तर आणखीनच अवघडले होते. मोटारसायकल कुणाच्या अंगणात लावायची यावरूनही 'तू लाव', 'न्हाई, तुझीच जागा', असं चालायचं. गोरक्ष एकदा चिडून म्हणालाही, "यापेक्षा नगरला सावेडीत फ्लॅट घेतला असता तर बरं झालं असतं." मग स्वतःच उठून भागवतच्या दुकानात जाऊन बसला आणि तासभर माळा गुंफत राहिला. दोघं तिथे काय बोलले कोण जाणे.

बनुबाई पडवीत झोपायच्या. 'सरकार लिहील तिकडं जाईन' असं त्यांनी सांगितलं होतं. तोवर सकाळी एकीकडे, संध्याकाळी दुसरीकडे. सुकन्याचं कालवण त्यांनी मुकाट खाल्लं. अश्विनीची भाकरी मुकाट खाल्ली. बनुबाई मुकाट खातायत, हे पाहून दोन्ही सुना घाबरल्या.

निरीक्षक म्हणून आल्या त्या नाझनीन शेख नावाच्या मॅडम. स्कूटी अंगणात लावून, डोक्यावरचा स्कार्फ नीट करत त्यांनी आधी भागवतच्या स्वयंपाकघरात डोकावलं, मग पडदा बाजूला करून पलीकडच्या. चेहऱ्यावर असा कंटाळा, की हे सगळं त्यांनी सकाळपासून चार घरांत पाहिलंय.

"रोज मला नव्या कोऱ्या शेगड्या दाखवतात," त्या म्हणाल्या. "दूध एकदाही उतू गेलेलं नसतं. बाईंना विचारावं मीठ कुठंय, तर त्या शेजारणीकडं बघतात. सरकारला खरा गरजू शोधायला दुसरं काही सापडलेलं नाही, म्हणून मी लोकांच्या शेगड्या बघत फिरते. तुमचं मीठ कुठंय, ताई?"

अश्विनीने बरणी पुढे केली. मॅडमनी मान डोलावली, पण विश्वास बसल्याचं दिसेना. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या टोपल्यावर गेली. त्यांनी वरचा कपडा उचलला. आत अश्विनीच्या सकाळच्या भाकऱ्या होत्या. एक वाकडी, एक फाटलेली, एक अर्धी काळी, आणि एकीला भाकरी म्हणावं की काय म्हणावं, हे त्या देवालाच ठाऊक.

मॅडमनी त्यातली एक उचलून उलटीसुलटी करून पाहिली.

"ह्या तुम्ही केल्या?"

"व्हय," अश्विनी लाजून म्हणाली.

"आणि घरच्यांनी खाल्ल्या?"

"खाल्ल्या," गोरक्ष म्हणाला. त्याच्या आवाजात इतकं खरं दुःख होतं, की मॅडमना हसू फुटलं.

"नाटकासाठी इतकी वाईट भाकरी कुणी करत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही खरंच वेगळे झालायत. आता बोला, कुणाची नावं कुणाकडं?"

भागवत, सुकन्या, ज्ञानेश्वरी. लिहून झालं. गोरक्ष, अश्विनी, त्यांचा मुलगा करण. लिहून झालं. मॅडमनी पेन तसंच धरलं आणि पडवीकडे पाहिलं.

"आजी, तुमचं नाव कुठं घालू?"

बनुबाईंनी थोरल्या लेकाकडे पाहिलं नाही, धाकट्याकडेही पाहिलं नाही. त्यांनी सुकन्याकडे पाहिलं. त्या नजरेत हुकूम नव्हता. उभ्या जन्मात पहिल्यांदा बनुबाई कुणाला तरी विचारत होत्या.

सुकन्याला वाटलं, म्हणावं आमच्याकडं. गुडघ्याचं बघू काहीतरी, दुकान गहाण टाकू. शेजारी बसलेल्या भागवतचंही तेच मन होतं, ते तिला न बघता कळलं. मग तिला आठवलं की आत्याबाई पहाटे उठताना भिंतीला धरतात आणि कुणी ऐकू नये म्हणून पदर तोंडात धरतात. ते फक्त तिलाच माहीत होतं, कारण त्या वेळी तिच्याशिवाय घरात कुणी जागं नसतं.

"धाकल्या भाऊजींकडं लिव्हा, म्याडम," ती म्हणाली. "गुडघा करायचा हाय त्यांचा."

मॅडमनी लिहिलं. भागवत उठून अंगणात गेला. थोड्या वेळाने गोरक्षही गेला आणि त्याच्या शेजारी नुसता उभा राहिला. दोघे भाऊ स्कूटीच्या चाकाकडे बघत होते, जणू चाकात हवा कमी आहे.

जाताना मॅडम ज्ञानेश्वरीला म्हणाल्या, "कार्ड लवकर मिळेल. कॉलेजात दे." मग जरा थांबून, "आणि नीट शीक. या घराला फार महाग पडलीयस तू."

बनुबाईंनी आपली वळकटी, काठी आणि मिश्रीची डबी उचलली. पाट ज्ञानेश्वरीने उचलला. सुकन्या तव्यापाशी पाठ करून बसली होती. तिने मागे पाहिलं नाही. पडदा हलला आणि पुन्हा स्थिर झाला, एवढं तिला भिंतीवरच्या उजेडावरून कळलं.

दिवे लागायच्या वेळी तिने भाकऱ्या केल्या. तिघांच्या करायला बसली होती, पण हात कुणाचं ऐकतात होय? टोपलं भरलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की तिने सगळ्या घराच्या करून ठेवल्या आहेत. कालवण होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. भागवतने एक घास घेतला आणि म्हणाला, "बरं झालंय." तो असं कधी म्हणत नसे, म्हणून सुकन्याला रडू यायला लागलं. ज्ञानेश्वरी ताटावरून उठून आईच्या शेजारी येऊन बसली.

"आई, मी दर रविवारी येईन."

"ये. पर आत्ता जेव."

तेवढ्यात पडद्यामागे कुणीतरी खाकरलं.

दार नसलेल्या गावात कडी वाजवता येत नाही, म्हणून परका माणूस चौकटीबाहेर उभा राहून खाकरतो आणि हाक मारतो. घरचं माणूस कधीच खाकरत नाही.

"घरात हाय का कुनी?"

तो आवाज सुकन्याने झोपेतही ओळखला असता. तरी ती म्हणाली, "कोन हाय?"

"पाहुनी हाय. आत येऊ का?"

पडदा बाजूला झाला. अश्विनीने बनुबाईंचा दंड धरला होता. पण ती स्वतः चौकटीच्या आत आली नाही. तिने त्यांना हलकेच पुढे केलं आणि मागे सरली. बनुबाईंच्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात ताटलीने झाकलेली वाटी. वाटीतून येसरआमटीचा वास आला आणि भागवतने डोळेच मिटले.

"पाहुनी रिकाम्या हातानं येती व्हय?" बनुबाई म्हणाल्या. "धाकलीनं दिलंय. घे."

सुकन्याने हात पुढे केला नाही. "आत्याबाई, तुमीच म्हनला हुता. मिठाचा खडा बी इकडून तिकडं…"

"ते एका घरातल्या मान्सांना सांगितलं हुतं. नाटक कराया निगाला हुता तुमी. आता दोन घरं झाली, खरीखुरी. सरकारनं बघून लिव्हली. दोन घरांत देनंघेनं नसतं व्हय? आपल्याला शेजार न्हाई का?"

"आन म्याडम पुन्यांदा आल्या तर?" भागवतने विचारलं, पण त्याचा हात वाटीकडे निघाला होता.

"येऊ देत. माझं नाव तिकडं हाय, मी तिकडंच झोपती, गुडघा बी तिकडचाच. जेवाया कुनाकडं जायचं, ते सरकारनं इचारलं न्हाई. आन पाहुनीला जेवू घातलं म्हनून कुनी कार्ड फाडीत न्हाई." मग त्या जरा चिडल्या. "पाहुनीला उभंच ठेवायची रीत हाय का या घरात? पाय धुवाया पानी न्हाई, काय न्हाई. कुनाची सून हायंस तू?"

सुकन्या धावत गेली. तिने तांब्याभर पाणी आणलं आणि सासूच्या पायांवर घातलं. सुजलेल्या गुडघ्यापर्यंत तिचा हात गेला आणि तिथेच जरा थांबला. पाट तर पलीकडे गेला होता. ज्ञानेश्वरीने आजीला बसायला आपल्या दप्तराखालची उशी दिली. सुकन्याने ताट वाढलं. गरम भाकरी, त्यावर तेल-चटणी, शेजारी आमटीची वाटी. पाहुण्याला वाढतात तसं, मीठ-लिंबू आधी ठेवून.

बनुबाईंनी भाकरी मोडली. तुकडा आमटीत बुडवला, चावला. सगळं घर त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

"कडा जाड झालीय," त्या म्हणाल्या.

सुकन्याला इतका आनंद झाला, की तिने पदर तोंडाला लावला आणि ढसाढसा रडली. कुणी तिला गप्प केलं नाही. भागवत आमटी ओरपत होता, त्याचेही डोळे वाहत होते, आणि तो तिखटाला दोष देत होता.

जेवण झालं. बनुबाईंनी वाटी चाटूनपुसून तिच्यापुढे सरकवली आणि मुद्दाम छताकडे बघत बसल्या. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे त्यांनीच सुकन्याला नवी सून असताना शिकवलं होतं. वाटीत भाकऱ्या मावणार कशा? सुकन्याने वाटीवर आपली मोठी ताटली ठेवली, ताटलीवर टोपल्यातल्या भाकऱ्यांची चवड रचली, वरून फडकं झाकलं आणि दोन्ही हातांनी ती सासूच्या हातात दिली.

"येती गं," बनुबाई म्हणाल्या. निघालेल्या पाहुणीने म्हणायचं तेच.

"या," सुकन्या म्हणाली. "उद्या बी या."

पडदा हलला. पलीकडे फडकं उघडल्याचं ऐकू आलं, आणि मग अश्विनीची किंकाळीच. "आगं बाई, भाकरी!" त्यावर गोरक्षचं काहीच ऐकू आलं नाही. तो खात असावा. बऱ्याच वेळाने त्याचा आवाज आला, पडद्याच्या अगदी जवळून. ऑफिसचा नाही, धाकट्या दिराचा.

"वहिनी, तुमची ताटली आमच्याकडं आलीय. उद्या देतो परत."

"द्या की, भाऊजी," सुकन्या म्हणाली. "पर रिकामी नका देऊ."

मग तिने उद्याच्या भाकरीसाठी पिठाचा डबा उघडला आणि सगळ्यांचं पीठ काढलं.